टोल्याचा मान

मल्हारीबद्दल लिहायचं तर आधी एक कबूल करून टाकतो. हा माणूस मला आवडतो आणि त्याला बघून माझ्या पोटात दुखतं. दोन्ही एकाच वेळी. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय, आणि ह्या दुखण्यावर रेल्वेच्या दवाखान्यात गोळी मिळत नाही.

तो इनामगावचा, मी दौंडचा. त्याच्या घरची मेंढरं जाऊन आता ऊस आणि कांदा आलाय. मी रेल्वेत फिटर होतो, रिटायर होऊन सहा-सात वर्षं झाली. आमची ओळख पंचावन्न वर्षांची आणि ती लावून दिली मेंढरांनी. त्या काळी दरवर्षीच्या फुटबॉल स्पर्धेच्या आधी दौंडच्या रेल्वे ग्राउंडवर गवत गुडघाभर वाढलेलं असायचं. ते कापायला माणसं लावण्यापेक्षा तिथले साहेब मल्हारीच्या बापाला निरोप धाडायचे. कळप चार दिवस ग्राउंडवर चरायचा, गवत साफ व्हायचं, वर लेंड्यांचं खत फुकट. बापाबरोबर हा अकरा वर्षांचा काटकुळा पोरगा काठी घेऊन यायचा. मीही तेवढाच, क्वार्टरमधला. एका गोलपाशी मेंढरं चरायची, दुसऱ्या गोलपाशी आमची टीम प्रॅक्टिस करायची, आणि मल्हारी मेंढरांकडं पाठ करून बसायचा. बापाचा मार खायचा आणि परत पाठ करून बसायचा.

फुटबॉल त्याला मी शिकवला. हे मुद्दाम सांगतो, कारण आता कुणालाच ते आठवत नाही. फाउल, कॉर्नर, थ्रो, सगळं मी. ऑफसाइड काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्याच्याच कळपातली चार मेंढरं उभी करून दाखवला. त्यातलं एक मेंढरू सारखं मागं पळायचं, पण ह्याला कळलं. खेळायला मात्र आम्ही दोघंही कधी उतरलो नाही. मी एकदा उतरलो होतो, तर बॉल सोडून रेफ्रीच्या पायात पाय घातला. आम्ही बघणारे. पूर्वेकडच्या बांधावर, कडुनिंबाखाली, डावीकडं तो आणि उजवीकडं मी.

एके काळी त्या बांधावर आम्ही बारा जण बसायचो. कुणी ड्रायव्हर, कुणी गार्ड, एक पोस्टमन. मग गळती लागली. एक जण मोबाईलवर युरोपातल्या मॅची बघायला लागला आणि म्हणाला, आता आपल्या पोरांचा खेळ बघवत नाही. दोघांचे गुडघे गेले. काही वरच गेले. आणि पोस्टमन एका रविवारी सरळ म्हणाला, "मला आताशा कंटाळा येतो हो." आम्ही त्याला वर्षभर नावं ठेवली. सगळ्यांत जास्त मी ठेवली.

मल्हारी मॅच कशी बघतो ते सांगायला पाहिजे. तो फायनलला दोन वाजता येतो, मॅच चारला असते. इनामगावहून टीव्हीएसवर, धुतलेला पांढरा शर्ट, डोक्याला पटका, डब्यात काहीतरी खायला. आधी चपला काढून ग्राउंडवर एक फेरी मारतो आणि कुठं माती सैल आहे ते मला येऊन सांगतो. मॅच सुरू झाली की त्याचं अंग आपोआप हलतं. बॉल डावीकडं गेला की हा डावीकडं कलतो आणि मला ढुशी बसते. बचाव फुटला की मेंढरांना घालतात तशी शीळ घालतो आणि ओरडतो, "आरं वळीव! वळीव की मागं!" खेळणारी पोरं हसतात आणि खरंच वळतात. आपल्या टीमनं गोल खाल्ला की दोन मिनिटं कुणाशी बोलत नाही. सहासष्ट वर्षांचा माणूस, नातवंडं असलेला, ओठ बाहेर काढून बसतो.

आता टोल्याचं. आमच्या ग्राउंडवर फायनल शिट्टीवर सुरू होत नाही, टोल्यावर होते. कडुनिंबाच्या फांदीला हातभर रुळाचा तुकडा टांगलाय, पूर्वी स्टेशनात घंटेऐवजी असायचा तसा. फार पूर्वी एका फायनलला रेफ्रीची शिट्टी हरवली. तेव्हा कोंडिबा म्हणून लाइनीवरचा कीमन होता, रोज रुळांच्या चाव्या ठोकत फिरणारा, त्यानं आपल्या हातोड्यानं रुळावर तीन टोले दिले आणि मॅच सुरू केली. तेव्हापासून ती रीतच पडली. टोला द्यायचा मान सगळ्यांत जुन्या बघणाऱ्याचा. कोंडिबा होता तोवर त्यानं दिला, तो गेल्यावर मी. हातोडा वर्षभर माझ्या घरी असतो. जत्रेत पालखीचा मान असतो तसाच हा मान. ज्याचा आहे त्याला विचारा त्याची किंमत, आणि ज्याचा जाणार आहे त्याला तर विचारूच नका.

आणि ह्या मानकऱ्याला फुटबॉलचा कंटाळा आला होता.

कधी ते मला नेमकं माहीत आहे. २०१६ ची फायनल, समोर मनमाडची टीम, शेवटच्या मिनिटाला पेनल्टीवर आमचा गोल. सगळा बांध उभा राहिला. मीही राहिलो, पण जरा उशिरा. मल्हारी उठला म्हणून मी उठलो. तो माझ्या गळ्यात पडून रडला, मीही डोळे पुसले, आणि पुसताना कळलं की ते कोरडे आहेत. वाटलं, तब्येत बरी नसेल. पुढच्या वर्षी तेच. पुढं वर्ल्डकप आला, महेंद्रानं, म्हणजे माझ्या मुलानं, माझ्यासाठी आपल्या कारेगावच्या खोलीवर मोठा टीव्ही लावून ठेवला. मी मध्यंतराच्या आत घोरायला लागलो. काही झालं नव्हतं. कुणी फसवलं नव्हतं, टीम वाईट नव्हती. विहिरीचं पाणी आटावं तसं आटलं, इतकंच.

पण सांगणार कुणाला? पोस्टमनला वर्षभर नावं ठेवणारा मीच. आणि टोला माझ्याकडं. मग मी एक युक्ती काढली. बॉलकडं बघायचं सोडलं आणि मल्हारीकडं बघायला लागलो. त्यानं श्वास रोखला की मी रोखायचा, त्यानं शिवी दिली की मी दुसरी द्यायची. कुणाला संशय आला नाही. फक्त होतं काय की रोज शेजारी बसून दुसऱ्याचं भरलेलं ताट बघितलं की माणूस जळायला लागतो. मला त्याचा हेवा वाटायला लागला. तो एका साध्या थ्रोवर टाळ्या वाजवायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ह्याला काय दिसतं असं? शिकवला तर मीच ना? माझी विद्या, आणि सुख ह्याच्या घरी.

मागच्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, फायनलच्या तीन दिवस आधी प्रांजल घरी आली. ही शाळेत पीटी शिकवते, मुलींची टीम चालवते आणि आता स्पर्धेच्या कमिटीची सेक्रेटरी आहे. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "मामा, राग मानू नका. यंदा टोला मल्हारीआप्पांना द्यावा असं कमिटीत ठरलंय. तुम्ही बारा-तेरा वर्षं दिलात. आप्पांचीही एकदा हौस होऊ दे. त्यांच्यासारखी मॅच कोण बघतं?"

"का रागवू?" मी म्हणालो. "दोस्त आहे माझा."

"मग तुम्हीच सांगा त्यांना. त्यांचा फोन कधी लागतच नाही."

"सांगतो की."

ती गेल्यावर सोजरनं, माझ्या बायकोनं, कपबशा उचलल्या. माझ्याकडं बघून म्हणाली, "ग्राउंडवरनं येता तवा तोंड एरंडेल प्याल्यावानी असतंय तुमचं. द्या की मल्हारीभावजींना. तुम्हाला कुठं गोडी राहिलीया?"

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

"सुंभ जळाला तरी पीळ जळत न्हाई," ती म्हणाली आणि आत गेली. बायकोला सगळं कळतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याचाही राग आला.

दोन दिवस मी मल्हारीला सांगितलं नाही. सांगणार होतो, आईशपथ. पण हातोडा तेलानं पुसून ठेवला होता तो बघितला की जीभ जड व्हायची. "त्यांच्यासारखी मॅच कोण बघतं?" हे माझ्या घरात, माझा चहा पिऊन बोलली ती. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी मल्हारीचाच फोन आला. फायनलच्या आदल्या दिवशी तो करतोच. सोजर विहारात गेली होती.

"उंद्या चारलाच न्हवं?" त्यानं विचारलं.

आणि माझं तोंड म्हणालं, "उद्या नाही. सोमवारी. मनमाडच्या पोरांची कसली तरी परीक्षा निघालीय."

"बरं झालं बाबा," तो म्हणाला. "उंद्याच्याला कांदा काढायचाय, बायकू कवाधरनं वरडतीया. सोमवारी येतो मग."

एवढंच. त्यानं उलट एक प्रश्न विचारला नाही. तिकडं विहारात सोजर चौथं शील म्हणत असेल, खोटं बोलणार नाही म्हणून, आणि इकडं तिचा नवरा फोन खाली ठेवत होता.

रविवारी सगळं रीतीप्रमाणं झालं. फक्कीच्या पांढऱ्या रेषा, पताका, मंडपात पाहुणे. माईकवरून पुकारा झाला, "इनामगावचे मल्हारीआप्पा, कडुनिंबापाशी या." कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा झाला, तिसऱ्यांदा झाला. प्रांजल पळत माझ्याकडं आली. "मामा, सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. बरं नसेल त्याला." एक खोटं बोललं की दुसरं फार सोपं जातं.

तिनं फोन लावून बघितला. तो घरी वाजत असणार आणि सगळी माणसं कांद्यात असणार. शेवटी ती म्हणाली, "मग तुम्हीच द्या." मी पिशवीतून हातोडा काढला. तो बरोबर कसा काय आणला होतात, हे तिनं विचारलं नाही. मी तीन टोले दिले. चांगले दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी बांधावर येऊन उजवीकडं बसलो.

डावीकडची जागा रिकामी होती. सवयीनं मीच तिथं टॉवेल टाकून ती धरून ठेवली होती. आता बघायचं कुणाकडं? बॉल पळत होता, पोरं पळत होती, मला त्यातलं काही लागत नव्हतं. मी ग्राउंडच्या फाटकाकडं बघत बसलो. कुणीतरी त्याला फोन केला असेल आणि तो येत असेल ह्या भीतीनं बघत होतो. थोड्या वेळानं भीती गेली आणि तो यावा असं वाटायला लागलं. लोक बेभान झाले होते. जादा वेळ झाला. शेवटी कुणीतरी मला मिठी मारली आणि माईकवर सांगितलं की दौंड तीन, मनमाड दोन. मागं बसलेला एक म्हातारा म्हणाला की अशी मॅच वीस वर्षांत झाली नाही.

सोमवारी त्याला फोन करून अडवायला हवं होतं. तीनदा नंबर काढला. काय सांगणार होतो? दोन वाजता मी ग्राउंडवर गेलो.

मल्हारी आलेला होता. धुतलेला शर्ट, पटका. बांधावर एकटाच बसला होता. ग्राउंडवर पताका काढणारी दोन माणसं होती आणि गोलपाशी कुणाच्या तरी शेळ्या.

"काल झाली म्हनं," तो म्हणाला.

मी बसलो. मग सगळं सांगितलं. प्रांजलचं सांगितलं, टोल्याचं सांगितलं, परीक्षेची थाप सांगितली. त्याच्या तोंडाकडं न बघता सांगितलं. वाटलं आता हा शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"टोला?" तो म्हणाला. "त्यो तर तुझाच हाय की. मला देऊन काय करायचाय? आन् मला सांगितलं आसतंस तर मी तिथंच तुझ्या हातात हातुडा दिला आसता."

त्यानं फडक्याची गाठ सोडली. आत हुरडा होता, शेतातच भाजून आणलेला, त्यात तिखट-मीठ. मूठभर माझ्या हातावर ठेवला आणि मांडी घालून ग्राउंडकडं तोंड केलं.

"जाऊ दे. जे झालं ते झालं. आता मला सगळी सांग. पयल्यापास्नं."

"काय?"

"मॅच! वीस वर्सांत झाली न्हाई म्हनत्यात. पयला गोल कुनाचा?"

"आपल्या नऊ नंबरचा," मी म्हणालो. एवढं माईकवर ऐकलं होतं.

"कंच्या पायानं?"

"उजव्या."

तो माझ्याकडं वळला. "आरं मच्छिंदर, नऊ नंबर डावखुरा हाय. उजव्यानं मारला? मग तर कमालच केली पोरानं. पास कुनी दिला त्याला?"

"दहा नंबरनं."

"दहा नंबर सेमीला लंगडत गेलं हुतं. खेळलं का ते?"

मी हुरडा ह्या हातातून त्या हातात घेतला. तो वाट बघत राहिला. "बरं, त्यो ऱ्हाऊ दे. शेवटचा सांग. शेवटचा तर ध्यानात आसंल? गोली पुढं आला हुता का लाइनीवर हुता?"

मला दिसत होतं ते फाटक. हुरडा हातातच राहिला होता. मल्हारीनं माझं तोंड नीट बघितलं, आजारी जनावराचं बघतात तसं.

"तू बघितलीच न्हाईस," तो म्हणाला.

"नाही."

"मी न्हवतो म्हनून?"

इथं हो म्हणायला हवं होतं. हो म्हटलं असतं तर निभावलं असतं, तो खूशसुद्धा झाला असता. पण दोन दिवस खोटं बोलून मला वीट आला होता. "नाही रे," मी म्हणालो. "मला आता फुटबॉलमध्ये काहीच वाटत नाही. बसतो नुसता. तू ओरडलास की ओरडतो."

"कवापास्नं?"

"नऊ वर्षं झाली."

त्यानं बोटांवर हिशेब केला नाही, काही नाही. मग म्हणाला, "ती पेनल्टी? गळ्यात पडून रडलो हुतो आपुन."

"तू रडलास."

टोल्याचं ऐकून ज्याच्या तोंडावरची रेघ हलली नव्हती, त्याचा चेहरा आता उतरला. रंग गेला अगदी. मला चूक कळली. मी सगळ्यांत मोठी चोरी कबूल केली असं समजत होतो, आणि ती त्यानं हुरड्याबरोबर गिळून टाकली होती. ही दुसरी मी चोरी म्हणून मोजलीच नव्हती.

"म्हंजी नऊ वरीस," तो सावकाश म्हणाला, "मी हितं एकलाच बघत हुतो?"

त्यानं उरलेला हुरडा तसाच फडक्यात बांधला आणि माझ्या मांडीवर ठेवला, सोजरला दे म्हणाला. गुडघ्यावर हात टेकून उठला. मी त्याच्यामागं गाडीपर्यंत गेलो. दोनदा किक मारल्यावर गाडी चालू झाली. तो निघेना. हँडल धरून नुसता उभा राहिला.

"सांगायचं हुतंस मला," तो म्हणाला. "मॅचच बघायला पायजे आसं कुठं हुतं? नदीवर जाऊन बसलो आसतो दोघं."

त्यानंतर वर्षभर आमचे फोन झाले. कांद्याचं बोलला, बायकोच्या, बानूबाईच्या, डोळ्यांच्या ऑपरेशनचं बोलला. फुटबॉलचं एक अक्षर नाही. मीही काढलं नाही.

ह्या जानेवारीत फायनलला तो आला, दोन वाजताच आला असणार. कमिटीच्या आग्रहानं टोलाही त्यानंच दिला. पण बांधावर आला नाही. समोरच्या बाजूला, प्रांजलच्या टीममधल्या मुलींच्यात जाऊन बसला. त्याचं ओरडणं ग्राउंड ओलांडून मला ऐकू येत होतं आणि त्या मुली त्याच्यासारखी शीळ घालायचा प्रयत्न करत होत्या. माझा इतका जळफळाट झाला की मध्यंतराला मी उठलो, सगळ्या ग्राउंडला वळसा घालून तिकडं गेलो. मला बघून तो हसला. सरकून जागा दिली, खाली अंथरलेलं पोतं अर्धं माझ्याकडं ओढलं, पाणी दिलं. सोजर कशी आहे विचारलं.

मग मॅच सुरू झाली, आणि तो दुसऱ्या बाजूच्या मुलीकडं वळून बोलायला लागला.